जेवणाच्या पानावरून जपानी व्याकरणाकडे

परकी भाषा शिकू पाहणाऱ्या माणसाने प्रारंभ कोठून करावा, या प्रश्नाला वैयाकरण विभक्तिप्रत्ययांकडे बोट दाखवून उत्तर देतात आणि व्यवहारी लोक बाजारहाटातील संभाषणाकडे. परंतु जपानी भाषेच्या बाबतीत, आणि त्यातही शिकणारा मराठी बोलणारा असेल तर, या दोन्ही वाटा जेथे एकत्र येतात ते स्थळ म्हणजे जेवणाचे पान होय, असे माझे अभ्यासान्ती बनलेले मत आहे. खाणे आणि पिणे या दोन क्रियांच्या भोवती त्या भाषेचे प्राथमिक व्याकरण जवळजवळ सगळे उलगडून दाखवता येते, आणि ते उलगडताना इंग्रजीची मध्यस्थी जितकी कमी करावी तितके ते सुबोध होत जाते.

हा विषय आज सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील वाचकांपुढे मांडण्यास तसेच कारण आहे. एप्रिल 2019 पासून जपान सरकारने विशिष्ट कौशल्य असलेल्या परदेशी कामगारांसाठी निवासाच्या परवान्याचा एक नवा वर्ग सुरू केला. त्यात शेती, वृद्धांची शुश्रूषा, खाद्यपेयांचे कारखाने आणि उपाहारगृहे ही क्षेत्रे येतात, आणि जानेवारी 2021 मध्ये भारत व जपान या दोन सरकारांमध्ये त्यासंबंधी करारही झाला. परवाना हवा तर कौशल्याच्या परीक्षेबरोबर भाषेचीही परीक्षा आली. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा 1984 पासून घेतली जाते, तिच्या आज पाच पायऱ्या आहेत, आणि पुणे हे तिचे जुने केंद्र असल्यामुळे कृष्णाकाठची मुले शिकण्यासाठी आणि परीक्षेसाठी बहुधा पुण्याचीच वाट धरतात. मात्र त्यांच्या हाती जी पाठ्यपुस्तके पडतात त्यांतील व्याकरणाचे विवरण प्रायः इंग्रजीत असते. म्हणजे कवठेमहांकाळच्या किंवा खटावच्या मुलाने आधी आपले वाक्य उलटे करून इंग्रजी करावे, आणि मग ते पुन्हा उलटे करून जपानी करावे, असा हा द्राविडी प्राणायाम ठरतो. जे वाक्य मुळात सरळ होते ते सरळच ठेवावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

या मुलखाचा आणि जपानचा संबंध आजचा नव्हे. औंध संस्थानच्या हद्दीत, पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली ज्या ओसाड माळावर कारखाना उभारला त्या किर्लोस्करवाडीच्या घराण्याचे नाव पुढे 1997 मध्ये बेंगळुरूजवळच्या बिडदी येथील कारखान्यात टोयोटाच्या नावाशी जोडले गेले. साताऱ्यात 1885 साली जन्मलेले काका कालेलकर अनेकदा जपानला गेले आणि त्या प्रवासावर त्यांनी ‘उगमणो देश’ हे पुस्तक गुजरातीत लिहिले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ने मराठी घराघरांत जपान पोचवला. देश पोचला, त्याची भाषा मात्र आपल्या भाषेतून आपल्यापर्यंत यावयाची राहिली.

प्रथम उच्चारांविषयी थोडे सांगितले पाहिजे. जपानी अक्षरांचा कोष्टकबद्ध क्रम ‘आ, इ, उ, ए, ओ’ असा स्वरांनी सुरू होतो आणि ‘का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा’ असा व्यंजनांनी पुढे चालतो. हा क्रम आपल्या वर्णमालेवरूनच सिद्ध झालेला आहे; बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीच्या अध्ययनातून तो तेथे नेला. ‘सा’चा जुना उच्चार ‘च’च्या जवळचा आणि ‘हा’चा जुना उच्चार ‘पा’ असा होता असे भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि ते ध्यानात घेतले की कवर्ग, चवर्ग, तवर्ग, पवर्ग ही परंपरा स्वच्छ दिसू लागते. ज्याने लहानपणी बाराखडी घोकली आहे त्याला हे कोष्टक पाठ करण्यास फारसे सायास पडू नयेत. शिवाय ‘चमचा’ या शब्दातील दन्ततालव्य ‘च’ आपल्या जिभेवर असल्यामुळे लोणच्यासाठी असलेला ‘त्सुकेमोनो’ हा शब्द आपण सहज उच्चारतो. ‘दऱ्या’मधील ‘ऱ्य’ असल्यामुळे ‘ऱ्योऽरि’, म्हणजे पाकक्रिया, हा शब्दही अडत नाही. आणि ‘पता’ व ‘पत्ता’ यांतील भेद आपण जाणतो, म्हणून ‘किते कुदासाइ’ म्हणजे ‘या’ आणि ‘कित्ते कुदासाइ’ म्हणजे ‘कापा’ यांत आपला गोंधळ होण्याचे कारण नाही. कलिंगड समोर ठेवून यजमानास कोणती विनंती करावयाची, हे त्या एका द्वित्तावर अवलंबून असते.

आता वाक्याकडे वळू. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि शब्दांचे परस्परसंबंध दाखविणारे अव्यय शब्दाच्या पाठीमागे लागते, मराठीतही तसेच. ‘गोहान ओ ताबेमासु’ म्हणजे ‘भात खातो’, ‘मिझु ओ नोमिमासु’ म्हणजे ‘पाणी पितो’. यातील ‘ओ’ हे कर्माचे चिन्ह. ‘नो’ म्हणजे आपला ‘चा, ची, चे’: ‘सातारा नो पेढा’ म्हणजे साताऱ्याचा पेढा. ‘मो’ म्हणजे ‘ही’, ‘योरि’ म्हणजे ‘पेक्षा’. ‘दे’ हा एकच प्रत्यय आपल्या ‘ने’ आणि ‘त’ या दोघांचे काम करतो: ‘ते दे ताबेमासु’, हाताने खातो, ‘हाशि दे ताबेमासु’, काड्यांनी खातो, ‘शोकुदोऽ दे ताबेमासु’, खाणावळीत खातो. आणि वाक्याच्या अंती ‘का’ लावले की प्रश्न होतो. ‘ताबेमाशिता का?’ म्हणजे ‘खाल्ले का?’, इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला हे ‘का’ मुद्दाम शिकवावे लागते, आपल्याला ते नुसते ओळखावयाचे असते.

या सर्वांत ‘नि’ या प्रत्ययापाशी मी वाचकाला क्षणभर थांबवू इच्छितो, कारण तेथे दोन भाषांचे साम्य शब्दशः थक्क करणारे आहे. ‘तोमोदाचि नि पेढा ओ आगेमासु’ म्हणजे मित्राला पेढा देतो. ‘कुजि नि ताबेमासु’ म्हणजे नऊला जेवतो. ‘ताबे नि इकिमासु’ म्हणजे खायला जातो. दान ज्याला करावयाचे तो, क्रिया ज्या वेळी घडते ती वेळ, आणि ज्या हेतूने जावयाचे तो हेतू, या तिन्ही ठिकाणी मराठीने ‘ला’ योजला आणि जपानीने ‘नि’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला येथे निरनिराळे नियम टिपून घ्यावे लागतात. मराठी माणसाने ‘ला’ म्हणजे ‘नि’ एवढे ध्यानात ठेवले तरी प्रारंभीची पुष्कळ वाटचाल निभावते.

असेच दुसरे साम्य आवडीनिवडीच्या वाक्यांत आहे. ‘मला स्ट्रॉबेरी आवडते’ या वाक्यात क्रियापद ‘मी’च्या नव्हे, स्ट्रॉबेरीच्या आधीन आहे, आवडणारी वस्तू प्रथमा विभक्तीत उभी राहते आणि ज्याला ती आवडते तो चतुर्थीत जातो. मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथापासून आपल्याकडे प्रयोगविचाराची जी सूक्ष्म परंपरा चालत आली आहे, तिच्यात वाढलेल्या वाचकाला या रचनेचे नवल वाटणार नाही. जपानी म्हणतो, ‘वाताशि वा इचिगो गा सुकि देसु’. ‘वा’ने ‘माझ्याविषयी बोलावयाचे तर’ एवढेच सुचविले, आणि कर्त्याचे चिन्ह जे ‘गा’ ते महाबळेश्वरच्या त्या फळाला लाभले. पाणी प्यावेसे वाटते तेव्हाही ‘मिझु गा नोमिताइ देसु’ असे पाण्यालाच कर्तृत्व देता येते. भूक लागली म्हणजे ‘ओनाका गा सुकिमाशिता’, पोट रिते झाले. तहान लागली म्हणजे ‘नोदो गा कावाकिमाशिता’, घसा कोरडा पडला. भूक आणि तहान या माणसाने करावयाच्या क्रिया नसून त्याला घडणाऱ्या अवस्था आहेत, ही जाणीव दोन्ही व्याकरणांत मुरलेली आहे.

परंतु या साऱ्या साम्यांचा मुकुटमणी म्हणावे ते धातुसाधित ‘ऊन’ होय. जपानीत क्रियापदाचे ‘ते’ अंती असलेले एक रूप असते आणि त्याचे कार्य आपल्या ‘ऊन’सारखेच चालते. तासगावचा बागाईतदार पाहुण्याला बेदाण्याची कृती सांगताना ‘द्राक्षे वाळवून करतात’ असे म्हणेल. जपानीत ते वाक्य ‘बुदोऽ ओ होशिते त्सुकुरिमासु’ असे होईल, शब्दास शब्द. आणि पुढची गंमत अशी, की या रूपाला दुसरे क्रियापद जोडून जो सूक्ष्म अर्थच्छटांचा संसार आपण उभा करतो तोच तेही करतात. ‘मिरु’ म्हणजे पाहणे. ‘ताबेते मिमासु’ म्हणजे खाऊन पाहतो. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘त्सुकुत्ते ओकिमासु’ म्हणजे करून ठेवतो. ‘कुरु’ म्हणजे येणे; ‘कात्ते किमासु’ म्हणजे विकत घेऊन येतो. ‘शिमाउ’ या क्रियापदात संपविण्याचा भाव आहे, म्हणून ‘ताबेते शिमाइमाशिता’ म्हणजे खाऊन टाकले. आणि केलेल्या गोष्टीचा पश्चात्ताप असेल तर त्याच वाक्याने ‘खाऊन बसलो’ हा अर्थही निघतो. खाऊन पाहण्यात डोळ्यांचे काम काय, हे इंग्रजाला समजावून सांगावे लागते. औदुंबरच्या किंवा वाईच्या माणसाला ते सांगावे लागत नाही.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेस, जत तालुक्यात, जेथे घराघरांत कन्नडही बोलली जाते, तेथील वाचकाच्या मनात ‘तिंदु नोडु’ हे शब्द एव्हाना उमटले असतील. त्याचाही अर्थ ‘खाऊन बघ’ असाच. यावरून जपानी आणि आपल्या भाषा एका कुळातल्या आहेत असे अनुमान मात्र कोणी काढू नये. मराठी आर्यभाषाकुळातली, कन्नड द्राविडी, आणि जपानी या दोहोंहून निराळी. सुसुमु ओनो या जपानी विद्वानाने आपल्या भाषेचे नाते तमिळशी जोडण्याचा दीर्घ प्रयत्न केला, पण बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञांनी तो ग्राह्य मानला नाही. क्रियापद ज्या भाषांत शेवटी येते त्यांत प्रत्यय पाठीमागे लागणे, विशेषणवाक्य नामाच्या आधी येणे अशी लक्षणे बहुधा एकत्र नांदतात, आणि म्हणूनच ‘आजीने केलेले लोणचे’ हे जपानीतही ‘सोबो गा त्सुकुत्ता त्सुकेमोनो’ असे त्याच क्रमाने येते. नाते रक्ताचे नसून घडणीचे आहे. शिकणाऱ्याच्या पदरात त्याचा लाभ तितकाच पडतो.

क्रियापदे चालविण्याची रीतही कठीण नाही. ‘ताबेरु’ यातील शेवटचा ‘रु’ काढला की ‘ताबेमासु’ खातो, ‘ताबेमासेन’ खात नाही, ‘ताबेमाशिता’ खाल्ले, ‘ताबेमासेन् देशिता’ खाल्ले नाही, ‘ताबेमाशोऽ’ खाऊ या, अशी रूपे निर्वेध होतात. त्या शेवटच्या रूपाला ‘का’ जोडावे आणि ‘ताबेमाशोऽ का?’, ‘खाऊ या का?’ असे विचारावे. ‘नोमु’ हा निराळ्या गणातला. त्याचे अन्त्य अक्षर बाराखडीप्रमाणे फिरते: नोमानाइ, नोमिमासु, नोमु, नोमेबा, नोमोऽ, पीत नाही, पितो, पिणे, प्यायल्यास, पिऊ या. मा, मि, मु, मे, मो. ‘ते’ रूप करताना मात्र या गणात संधीचे विकार होतात, जसे ‘नोन्दे’ पिऊन, ‘कात्ते’ विकत घेऊन, ‘याइते’ भाजून. ते विकार पाठच करावे लागतात, त्यास इलाज नाही.

जेथे दोन भाषांची वाट फुटते तेथेही डोळसपणे पाहिले पाहिजे. ‘ताबेमासु’ म्हणजे खातो, खाते, खातोस, खातात आणि खाईनसुद्धा. लिंग, वचन, पुरुष यांपैकी कशाचीही नोंद जपानी क्रियापद ठेवीत नाही, आणि वर्तमान व भविष्य यांचा निवाडा संदर्भावर सोपवते. मराठी मुलीला ‘जेवते’ म्हणताच आपले स्त्रीत्व सांगावे लागते, जपानी क्रियापदात ते अध्याहृतच राहते. उलट विशेषणे, जी आपल्याकडे काळाच्या कटकटीतून मुक्त आहेत, ती तेथे काळाप्रमाणे बदलतात: ‘ओइशिइ देसु’ रुचकर आहे, ‘ओइशिकात्ता देसु’ रुचकर होते, ‘ओइशिकु नाइ देसु’ रुचकर नाही. ‘आमाइ’ गोड, ‘सुप्पाइ’ आंबट, ‘काराइ’ तिखट, ‘निगाइ’ कडू, ‘शिबुइ’ तुरट, ‘शिओकाराइ’ खारट. आपले षड्रस पूर्ण झाले, आणि सहाही शब्द याच एका नियमाने चालतात. माझा सल्ला असा की नवशिक्याने हे सहा शब्द आमटी, कढी, मिरचीचा ठेचा, कारल्याची भाजी यांच्यावर योजून रोज जेवताना उच्चारावे.

मोजण्याच्या बाबतीत जपानी भाषा कमालीची काटेकोर आहे. पसरट वस्तूला ‘माइ’, लांबट वस्तूला ‘होन’, पेल्यातल्या द्रव्याला ‘हाइ’ असे निरनिराळे गणक लागतात आणि संख्येच्या सहवासात त्यांचे उच्चार पालटतात: इप्पोन, निहोन, सान्बोन, इप्पाइ, निहाइ, सान्बाइ. आपल्याकडे ‘चार नग’, ‘दोन असामी’ या दप्तरी प्रयोगांत या पद्धतीचा अवशेष अजून टिकून आहे, त्यामुळे कल्पना परकी नाही. विस्तार मात्र मोठा आहे. भाकरी पसरट, म्हणून ‘भाकरी ओ निमाइ कुदासाइ’. चहासाठी ‘ओचा ओ इप्पाइ कुदासाइ’. यातील शब्दक्रम पाहावा: ‘चहा एक कप द्या’. साताऱ्याच्या एस. टी. स्थानकावरील उपाहारगृहात आपण चहा मागतो तो याच क्रमाने.

आता शिष्टाचार. जपानीत खाण्याचे क्रियापद माणसाच्या मानमरातबाप्रमाणे बदलते. समोरच्या आदरणीय व्यक्तीने खाणे ते ‘मेशिआगारु’, आपण नम्रतेने ग्रहण करणे ते ‘इतादाकु’, आणि साधे खाणे ते ‘ताबेरु’. जेवणाच्या आरंभी प्रत्येक जण ‘इतादाकिमासु’ म्हणतो आणि शेवटी ‘गोचिसोऽसामा देशिता’ म्हणून अन्न देणाऱ्याचे ऋण मान्य करतो. श्लोक म्हणून घास उचलणाऱ्या आणि ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणून पानावरून उठणाऱ्या घरांना यामागची वृत्ती समजावून द्यावयास नको. आग्रहाची रीतही तेथे आहे. ‘मोऽ इप्पाइ इकागा देसु का?’, आणखी एक पेला घेता का, असे यजमान विचारील, तेव्हा ‘मोऽ केक्कोऽ देसु’ म्हणजे ‘आता पुरे’ किंवा ‘ओनाका गा इप्पाइ देसु’ म्हणजे ‘पोट भरले’ असे म्हणावे. या दोन वाक्यांतील ‘इप्पाइ’ निराळे आहेत: एक पेला सांगताना पहिल्या अक्षरावर स्वर उंच असतो, पोट भरल्याचे सांगताना तो खालून वर चढतो. आपल्या पंगतीतल्याप्रमाणे तिसऱ्या आग्रहापर्यंत नकार लांबविण्याची तेथे आवश्यकता नाही, कारण पहिलाच सौम्य नकार बहुधा प्रामाणिक मानला जातो.

ज्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, ज्यांच्या घरावरून दर आषाढीला पालखी जाते, अशा लोणंद-फलटणकडच्या कुटुंबांतील मुलामुलींना एक गोष्ट मी आवर्जून सांगू इच्छितो, कारण याबाबतीत भाषेच्या अज्ञानाने मनाला फार क्लेश होतात. ‘निकु’ म्हणजे मांस. परंतु मासे ‘निकु’मध्ये मोडत नाहीत, म्हणून केवळ ‘निकु ओ ताबेमासेन’ एवढे म्हणून भागत नाही. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’, मांसही खात नाही, मासेही खात नाही, असे दोन्ही शब्द उच्चारून सांगावे. तरीही प्रश्न उरतो तो ‘दाशि’चा. जपानी स्वयंपाकातील कितीतरी पदार्थांचा आधार असलेले हे पाणी बहुधा ‘कात्सुओ’ नावाच्या माशाच्या वाळविलेल्या कीसापासून काढतात, आणि मिसोच्या साध्या दिसणाऱ्या कढणात, म्हणजे मिसोशिरूत, ते बहुधा असतेच. तेव्हा विचारावे: ‘कोनो मिसोशिरु नि साकाना गा हाइत्ते इमासु का?’, या मिसोशिरूत मासे घातले आहेत का? ‘कोम्बु’ या समुद्रवनस्पतीचे दाशि मात्र शाकाहारी असते, आणि मठांतून चालत आलेली ‘शोऽजिन ऱ्योऽरि’ ही पाकपरंपरा मांसमत्स्यविरहित आहे. त्या ‘शोऽजिन’ या संज्ञेने बौद्ध ग्रंथांत संस्कृत ‘वीर्य’ या शब्दाचा अनुवाद केलेला आहे. ज्या ठिकाणी असे अन्न मिळत नसेल तेथे ‘निकु नुकि दे ओनेगाइ शिमासु’, मांस वगळून द्यावे, आणि ‘कोम्बु नो दाशि दे ओनेगाइ शिमासु’, कोम्बूच्या दाशीत करावे, ही दोन वाक्ये स्पष्ट आणि सावकाश उच्चारावीत. पहिल्या पायरीवरच्या विद्यार्थ्याला ‘दे’, ‘नो’ आणि विनंतीचे क्रियापद एवढेच माहीत असते, आणि या दोन वाक्यांना त्याहून अधिक व्याकरण लागत नाही.